हमालाचा वाली

त्या खेळाचं नाव होतं 'चौरस्ता'. आठ भाग निघून गेले होते आणि नववा गळ्याशी आला होता. खेळाची कल्पना साधी. वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोष्टींमधले नायक आपापलं जग सोडून एका चौरस्त्यावर येतात, तिथे एकमेकांना भेटतात आणि एकजुटीने राक्षसांचा समाचार घेतात. कार्टूनमधला बोलका कोल्हा आणि युद्धाच्या खेळातला पोलादवीर एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहिले नसते. इथे ते गळ्यात गळे घालून फिरत. घरी बसून खेळणारा माणूस त्यांना चालवी, लढवी, त्यांची ताकद वाढवी आणि शेवटी मैत्रीचा विजय झालेला पाहून डोळे पुसे.

पडद्यावर हे प्रेम जेवढं उतू जाई, तेवढंच पडद्याच्या अलीकडे विष. कारण प्रत्येक नायकाला मालक होता आणि प्रत्येक मालकाने आपल्या नायकाची अब्रू राखायला एकेक प्रतिनिधी नेमला होता. कोल्ह्याच्या वतीने एक बाई येत. पोलादवीराच्या वतीने एक गृहस्थ येत. मंजुरीच्या बैठकीत दोघं लांबलचक टेबलाच्या दोन टोकांना बसत आणि एकमेकांशी न बोलता मधल्या माणसाशी बोलत. मधला माणूस म्हणजे 'चौरस्ता'चा संवादलेखक. पहिल्या भागापासून सगळ्यांच्या तोंडची वाक्यं तोच लिहीत आला होता आणि त्याच्या डोक्यावरचे केस त्यातच खर्ची पडले होते.

कोल्हा कुणासमोर गुडघे टेकणार नाही, हे बाईंचं पहिलं कलम. पोलादवीर कोल्ह्यापेक्षा बुटका दिसणार नाही, हे गृहस्थांचं. मग कोल्ह्याची उंची कानांसकट मोजायची की कानांवाचून, यावर एक अख्खी सकाळ गेली. शेवटी कान धरायचे, पण पोलादवीराच्या शिरस्त्राणावरचा तुराही धरायचा, असं ठरलं. पुढच्या बैठकीला पोलादवीर आला तो कोंबड्यासारखा तुरा घेऊन. त्याच्या पुढच्या बैठकीला कोल्ह्याचे कान सशाचे झाले होते.

अडचण अशी, की गोष्ट म्हटली की कुणीतरी चिखलात पडावं लागतं. कुणीतरी फसावं लागतं, घाबरावं लागतं, मार खावा लागतो. मालक असलेला एकही नायक यातलं काही करायला तयार नव्हता. त्यामुळे हे सगळं एकट्या हमालाच्या वाट्याला येई.

हमाल हे 'चौरस्ता'चं घरचं पात्र. खेळणारा वाटेत शंभर तलवारी, ढाली आणि औषधाच्या बाटल्या गोळा करतो. त्या ठेवायच्या कुठे, तर हमालाच्या पाठीवर. सगळ्या नायकांचं सगळं सामान तो वाहत असे. शिवाय दुसऱ्या भागात तो विहिरीत पडला, चौथ्यात गोठला, सहाव्यात त्याला एका देवमाशाने गिळलं आणि ओकून टाकलं. देवमाशाच्या मालकांनी ओकण्याला हरकत घेतली, म्हणून मग तो शिंकेतून बाहेर आला. एवढं होऊनही तो उठून, कपडे झटकून काहीतरी असा टोला मारी की खेळणारे खुर्चीवरून खाली येत. ते टोले लेखकाचे. बाकीच्यांची वाक्यं मंजुरीतून पार धुऊन निघत. हमालाच्या वाक्याला मात्र कुणी हात लावत नसे, कारण ते कुणी वाचतच नसे. एवढी एक जागा सोडली, तर लेखकाने बाकी सगळ्यावर केव्हाच पाणी सोडलं होतं.

नवव्या भागात कोल्हा आणि पोलादवीर यांची आपसातली लढाई दाखवा, म्हणून खेळणाऱ्यांनी आठव्या भागापासून टुमणं लावलं होतं. तो विषय त्या सोमवारी टेबलावर आला.

"आमचा कोल्हा हरणार नाही," बाई लेखकाला म्हणाल्या.

"त्यांना सांगा, तो जिंकणारही नाही," गृहस्थ लेखकाला म्हणाले.

"मी ऐकलं ते," बाई लेखकाला म्हणाल्या.

"ऐकण्यासाठीच बोललो," गृहस्थ लेखकाला म्हणाले. "कान तेवढे लांब आहेतच."

'चौरस्ता' काढणाऱ्या कंपनीचे मालक इतका वेळ खिडकीशी उभे राहून नखं बघत होते. ते वळले. "हमालाला मध्ये घाला. दोघांचे वार एकाच वेळी त्याला लागतात आणि तो मरतो. दोघांना पश्चात्ताप होतो, लढाई थांबते. कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही आणि लोक रडतील ते वेगळंच."

टेबलाच्या दोन्ही टोकांनी पहिल्यांदाच एकमेकांकडे पाहिलं आणि माना हलवल्या. मग बाईंनी विचारलं, "पश्चात्ताप आधी कुणाला होतो?"

"हमाल मरणार नाही," लेखक म्हणाला.

"का? त्याला वाली कोण?" गृहस्थांनी विचारलं. खवचटपणे नाही. लिफ्ट कुठे आहे, असं विचारावं तसं.

"मी आहे की."

"तू पगारी आहेस," मालक म्हणाले. "पगारी माणूस वाली नसतो. गुरुवारी मरण लिहून आण. आणि मरताना त्याला चांगलं पानभर भाषण दे, तुला आवडतं तसं."

लेखक जिना उतरला. हमालाला वाली होता, हे त्याला ठाऊक होतं आणि मालकांनाही ठाऊक होतं. कंपनी एका धोब्याच्या दुकानावर दोन खोल्यांत होती, तेव्हा लेखक आपल्या थोरल्या बहिणीला घेऊन आला होता. मालकांनी तिला फक्त एवढं सांगितलं, की सामान वाहणारा कुणीतरी हवाय. तिने उभ्याउभ्या काढला: वाकलेली मान, पाठीवर डोंगर आणि नाकापर्यंत गुंडाळलेला मफलर. मालक "वा" म्हणाले, ती घरी गेली, आणि हे चित्र आता कुणाचं, असं तिला कुणी विचारलं नाही. तिनेही ते कुणाला दिलं नाही. पहिला भाग निघाला तेव्हा हमालाचा मफलर हनुवटीखाली आला होता आणि तो विनोद करत होता. त्या दिवसापासून भाऊ-बहिणीचं बोलणं बंद होतं.

बहीण पाट्या रंगवायची. लेखक तिच्या दुकानात शिरला तेव्हा ती शिडीवर चढून दातांच्या दवाखान्याच्या पाटीवर एक दाढ काढत होती. दाढ माणसाएवढी होती.

"ताई."

"दुकान बंद आहे."

"दार तर उघडं आहे."

"ते हवा यावी म्हणून. पोपट यावा म्हणून नाही."

पोपट हे त्याचं घरातलं लहानपणापासूनचं नाव. फार बोलायचा म्हणून पडलेलं. बाहेर त्याला या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं आणि त्याला त्याचं दुःखही नव्हतं.

"हमालाला मारताहेत," तो म्हणाला.

ब्रश थांबला नाही. "बरं झालं. सुटला. तू तर त्याला पहिल्या भागातच मारलंस."

"मी त्याला नावारूपाला आणलं, ताई. जगभर लोक त्याच्यावर जीव टाकतात."

"तुझ्या चऱ्हाटावर टाकतात. माझ्या माणसाला तोंड नव्हतं. पाठीवर एवढं ओझं असलेला माणूस बडबडत नाही, दम लागतो त्याला. एवढं कळायला ओझं उचलावं लागतं. तू कधी पिशवी तरी उचललीस?"

"तू खेळ पाहिलाच नाहीस आणि—"

"आठही भाग खेळले आहेत. आवाज बंद करून."

"आणि वाक्यं खाली लिहून येतात ती?"

तिने ब्रशनेच आतली खोली दाखवली. लेखकाने डोकावलं. टीव्हीच्या काचेवर खालच्या बाजूला, बरोबर वाक्यं उमटतात तिथे, जाड तपकिरी कागदाची पट्टी चिकटवलेली होती. पाट्या रंगवणाऱ्या माणसाचं काम. कुठे एक सुरकुती नव्हती. आपलं आयुष्यभराचं लेखन त्या पट्टीमागे आहे, हे लेखकाला नीट उमगायला थोडा वेळ लागला.

"गुरुवारी बैठक आहे," तो बाहेर येऊन म्हणाला. "तू आलीस आणि हा माझा म्हणालीस, तर त्याला मारता येणार नाही."

"येईन," ती म्हणाली. "पण तुझ्या बाजूने येत नाहीय. हमालाच्या बाजूने येतेय. पाय पूस. शिडीखालचा रंग घेऊन चाललायस."

गुरुवारी ती रंगाचे डाग पडलेल्या अंगरख्यातच आली आणि कुणी बस म्हणायच्या आत बसली.

"हमाल माझा," ती म्हणाली.

"त्याला झाला जमाना," मालक म्हणाले.

"तुम्ही माझ्याकडे मागितला होता?"

"तू दिलास ना?"

"काढला. दिला नाही."

मालकांनी आधारासाठी टेबलाच्या टोकांकडे पाहिलं. पण तिकडची हवा एकदम बदलली होती. बाई आणि गृहस्थ यांची रोजीरोटी एकाच गोष्टीवर चालत होती: ज्याने केलं, ते त्याचं. आज पाटीवालीचा हमाल कुणी ढापला, तर उद्या कोल्हा ढापायला कोण कचरणार? बाईंनी आपली खुर्ची सरकवून तिला नीट जागा करून दिली. गृहस्थांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

"तुमची कलमं?" त्यांनी आदराने विचारलं.

"मरणार नाही."

"मग आमची लढाई थांबणार कशी?" बाई म्हणाल्या.

"लढणार कशाने?"

"तलवारींनी."

"तलवारी असतात कुठे?"

सगळ्यांनी लेखकाकडे पाहिलं. "हमालाच्या ओझ्यात," लेखक म्हणाला. "पहिल्या भागापासून."

"मग तो ओझं घेऊन चालता होईल," ती म्हणाली. "एवढी वर्षं वाहिलं. दोघं एकमेकांच्या उरावर बसताना दिसले की तो पाठ फिरवेल. बसा म्हणावं रिकाम्या हाताने."

टेबलाची दोन्ही टोकं विचारात पडली. कोल्हा हरत नव्हता, पोलादवीर हरत नव्हता. गुडघे शाबूत होते. कान आणि तुरा एका पातळीत होते.

"जाणाऱ्या हमालाकडे दोघं एकाच वेळी वळून बघतील," गृहस्थ म्हणाले.

"एकाच वेळी," बाई म्हणाल्या. म्हणाल्या त्या थेट गृहस्थांना, आणि मग आपण हे काय केलं म्हणून ओशाळल्या.

लेखकाने खिशातून कागद काढला. सोमवारपासून त्याला राहवलं नव्हतं. हमालाच्या जाण्याचं वाक्य त्याने लिहून आणलं होतं, आणि आठ भागांत त्याला असं वाक्य साधलं नव्हतं. "जाताना तो म्हणतो—"

"काही म्हणत नाही," बहीण म्हणाली. "मफलर वर. पूर्ण भाग."

"एक वाक्य, ताई."

"नाही."

"एक शब्द."

"नाही."

"नुसता उसासा?"

"मफलरातून ऐकू येत नाही."

आता मालकांना वाट दिसली. ते लेखकाच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि त्यांचा आवाज फार मायाळू झाला. "हे बघ, चित्र तिचं असेल, पण जीभ तुझी आहे. हमाल निम्मा तुझा, आणि तुझा तो कंपनीचा, एवढं फक्त तोंडाने म्हण. तिचा हक्क पातळ होतो. मग तो आपण ठरवलं तसा मरेल, पण बोलून मरेल. पानभर. एक अक्षर कुणी कापणार नाही, माझा शब्द."

पानभर. लेखकाने कोल्हेवाल्या बाईंकडे पाहिलं, पोलादवाल्यांकडे पाहिलं. त्याच्या कुठल्याही पानाला असं वचन आजवर मिळालं नव्हतं. बहीण त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. नखातला पांढरा रंग काढत होती; पाटीवरच्या दाढेचा असावा.

"काय रे पोपट," ती नखांकडे बघतच म्हणाली, "एरवी तर थांबत नाहीस."

लेखकाने कागदाची घडी केली, घडीची घडी केली आणि ती खिशात सारली.

"ती म्हणते तसं," तो म्हणाला. त्या बैठकीत तो त्यानंतर काही बोलला नाही. मालक मात्र पुष्कळ बोलले, आणि ते इथे देण्यासारखं नाही.

नववा भाग निघाला. हमाल नायकांकडे पाठ करून, शंभर तलवारी घेऊन चौरस्त्यावरून चालत गेला आणि दिसेनासा झाला. कोल्हा आणि पोलादवीर एकाच वेळी वळून बघत राहिले. लोकांनी डोळे पुसले. त्या दृश्यातले संवाद सर्वोत्तम असल्याचंही पुष्कळांनी लेखकाला कळवलं.

पुढच्या आठवड्यात लेखक बहिणीच्या दुकानात गेला. ती आतल्या खोलीत खेळत बसली होती. तिने बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही, म्हणून तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. पडद्यावर हमाल निमूट चालत होता. आवाज बंद होता. पडद्याच्या खालच्या कडेला तपकिरी पट्टी जिथल्या तिथे होती.

"आता तर तो बोलत नाही," लेखक म्हणाला. "पट्टी काढली नाहीस?"

"बाकीचे बोलतात ना अजून," ती म्हणाली. "आणि तेही तूच लिहितोस. उजेडातून बाजूला हो."