माडाची पकड

नाताळच्या पहाटप्रार्थना दुसऱ्या दिवसापासून सुरू व्हायच्या होत्या आणि तिबोच्या हातातली बास गिटार अजून कण्हतच होती.

"दोंग, अरे पोरा, डुक्कर कापतोयस की काय?" चर्चच्या गायकमंडळीचा प्रमुख देल्फिन दारातूनच ओरडला. "उद्या अशीच खरखर झाली, तर यंदा बासविना गाऊ. गिटार पलीकडच्या गावाला देऊन टाकतो. केव्हाचे मागताहेत!"

तो गेला. तिबोला शिकवायला बसलेल्या मानांग सेपा, म्हणजे सेपाताई, आपल्या हातांकडे पाहत राहिल्या. ही गिटार त्यांनी उभे आयुष्य वाजवली होती. आता संधिवाताने बोटे आल्याच्या कांडीसारखी वाकडी झाली होती. गिटार गावाबाहेर जाणे म्हणजे आपलाच आवाज परक्या घरी नांदायला पाठवणे होते.

तिबो माडी काढणारा. त्याने गिटारीची मान अशी आवळली होती, की पंजा पांढरा पडला होता आणि बोटे धातूच्या आडव्या पडद्यांवर सापडेल तिथे रुतत होती.

"अरे, गिटार आहे ती, माड नाही. सुटली तरी पडणार नाहीस."

"हात ढिला सोडला की पडतोय असंच वाटतं, मानांग."

त्याचे वडील माडावरूनच पडून गेले होते.

"बरं, शेंड्यावर पोचल्यावर काय करतोस?"

"फुलोऱ्याची पोय वाकवतो. रोज थोडी थोडी."

"कुठल्या हातानं?"

"डाव्या. उजव्यात कोयती असते ना."

"आवळून?"

तिबो हसला. "आवळली तर तडकेल की! मग कसली माडी?"

"आणि तेव्हा माडाला धरतं कोण?"

"पाय."

"मग हा खांद्यावरचा पट्टा म्हणजे तुझे पाय. भार त्याच्यावर सोड. अंगठा मानेमागे नुसता टेकव. बोट पडद्यावर नको, पडद्याच्या अलीकडे, त्याला खेटून. आणि पोय वाकवतोस तेवढंच दाब."

तिबोने दाबले. खर्जाचा सूर उमटला. विहिरीत पडलेल्या चांदण्यासारखा शांत आणि खोल.

पहाटे मात्र भरल्या चर्चमध्ये हाताने जुनीच वाट धरली. पहिला सूर खरखरला. देल्फिनची भुवई चढली. तिबोच्या पुढच्याच बाकावरच्या मानांग सेपांनी मागे वळून न पाहता एक वाकडे बोट वर केले आणि हवेतल्या हवेत अलगद खाली वाकवले, जणू तिथे पोयच होती. तिबोने खांद्याचा भार पट्ट्यावर सोडला. मूठ उलगडली. पुढचे सूर एकामागून एक, माडी ठिबकावी तसे स्वच्छ उतरत गेले.

बाहेर तांदळाच्या गरम केकांभोवती गर्दी झाली होती.

"पहिला सूर..." देल्फिनने तोंड उघडले.

"पहिला सूर पहाटे उठून तोंड धुतो," मानांग सेपांनी त्याला मध्येच तोडले. "मोजायचं ते दुसऱ्यापासून."

देल्फिनने निमूट केकाचा घास घेतला. मग मानांग सेपांनी तिबोचा डावा हात आपल्या वाकड्या बोटांत धरला आणि निरखून पाहिला.

"उद्या वाजवायला येताना नखं कापून ये."