हाताला ठाऊक

सोमवारी सकाळी साडेनवाच्या सुमारास ईरप्पा छापखान्यात काम करता करता उभ्याचा खाली बसला आणि तिथंच आडवा झाला. हातातल्या लग्नपत्रिकेचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, फरशीवर सांडली. १९७४ सालचा एप्रिल होता, लग्नसराई जोरात होती आणि सोलापुरातल्या त्या छापखान्यात ईरप्पासारखा भराभर खिळे जुळवणारा दुसरा कंपोझिटर नव्हता. फोरमन रावजीनं त्याला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं.

तिसऱ्या दिवशी त्यानं डोळे उघडले. हातपाय शाबूत होते. खाटेशी त्याची बायको महानंदा बसली होती. त्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं,

"नीवु यारु?"

महानंदाला कानडी येत नव्हती. ती बार्शीची, लिंगायत असली तरी माहेरी पिढ्यान्‌पिढ्या मराठीच. ईरप्पा होटगीच्या पुढच्या एका खेड्यातला. तिकडं सगळं बोलणं कानडी. मूलबाळ नव्हतं, पण बावीस वर्षांचा संसार झाला तो मराठीतच. भाऊ गावाकडून आला की मात्र ईरप्पा त्याच्याशी कानडीत सुरू व्हायचा. महानंदा फुरंगटून बसली की म्हणायचा, "तुला येत न्हाय त्येच बरं हाय की. तुज्या चुगल्या करायला येक तरी भाषा नगं व्हय मला?"

धाकटा भाऊ चनमल्लप्पा त्याच संध्याकाळी आला. ईरप्पानं त्याला लगेच ओळखलं, नावानं हाक मारली, पाणी मागितलं, एका बैलाची चौकशी केली. तो बैल मरून जमाना झाला होता. महानंदानं दिराला विचारलं, ते मला सकाळी काय म्हणाले? शब्द तिनं घोकून ठेवले होते. चनमल्लप्पानं आढेवेढे घेतले.

"वैनी, त्येनी इचारलं, तुमी कोन म्हून." मग तिला बरं वाटावं म्हणून पुढं म्हणाला, "पर आदरानं इचारलं. अहो-जाहो केलं की."

बावीस वर्षांत ईरप्पानं तिला एकदाही अहो-जाहो केलं नव्हतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मेंदूत रक्त साकळलं होतं. लहानपणची भाषा शाबूत राहिली, मागाहून शिकलेली गेली, आणि त्या भाषेत जे जे घडलं तेही बहुधा तिच्याबरोबर गेलं. असं क्वचित होतं. परत येईल की नाही, हे कुणाला सांगता येणार नाही. महानंदानं सगळं ऐकून घेतलं.

"मंजे ह्ये हायत, का न्हाईत?"

"आहेत की, बाई. श्वास आहे, नाडी आहे, जेवतात, बोलतात. डॉक्टरला एवढं पुरतं."

"आन बायकूला?"

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले.

घरी सोडायची वेळ आली तेव्हा दीर-भावजयीत पहिल्यांदा वाजलं. चनमल्लप्पाचं म्हणणं सरळ होतं. दादाला गावाकडं नेऊ. तिथं आईच्या हातची चूल आहे, शेत आहे, बोलायला माणसं आहेत. इथं तो परक्याच्या घरात ठेवल्यासारखा राहील. 'परक्याच्या' हा शब्द तोंडातून गेल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं, पण त्यानं तो मागं घेतला नाही. महानंदा म्हणाली, माणसाची हयात जिथं गेली तिथंच माणूस असतो. त्यांना एकदा छापखान्यात नेऊ. तिथलं काही ओळखलं तर सोलापुरात राहतील, नाही तर खुशाल घेऊन जा. चनमल्लप्पा वाईट माणूस नव्हता. तो कबूल झाला.

छापखान्यात मशीन थांबवून सगळे गोळा झाले. ईरप्पानं कुणालाच ओळखलं नाही. भिंतीवर देवाची तसबीर होती, तिला मात्र हात जोडले. रावजीनं त्याला खिळ्यांच्या खणांपुढं उभं केलं आणि खिळे जुळवायची पट्टी त्याच्या डाव्या हातात दिली. बराच वेळ काही झालं नाही. मग उजवा हात उठला आणि न पाहता एका खणात गेला. तिथून दुसऱ्या. खिळे पट्टीत पडल्याचा बारीक आवाज सुरू झाला. ईरप्पा मान वळवून खिडकीबाहेर उभ्या असलेल्या हातगाडीकडे बघत होता आणि हात खाली आपलं काम करत होता.

काम संपलं तसा हात खाली आला. रावजीनं शाई लावून कागद उठवला. आमचे येथे श्रीकृपेकरून, असा नेहमीचा लग्नपत्रिकेचा मजकूर होता. काना-मात्रेची चूक नव्हती. फक्त 'चि.' नंतर मोकळी जागा होती आणि 'चि. सौ. कां.' नंतर मोकळी जागा होती.

महानंदा चौथीपर्यंत शिकलेली होती. तिनं ओल्या कागदावर बोट न लावता ओळी वाचल्या.

"ह्यात नावं न्हाईत."

"वयनी, नावं मागनं येणार असली की जागा सोडायची, हा कामाचा रिवाज हाय," रावजी म्हणाला. "त्यानं बरोबरच केलंय."

"इसरल्यामुळं सोडली का रिवाज म्हून सोडली?"

चनमल्लप्पानं भावाला कानडीत विचारलं, हे काय लिहिलंस? ईरप्पानं कागद हातात घेतला, सरळ धरला, उलटा धरला, परत दिला. तो काय बोलला ते चनमल्लप्पानं ताबडतोब सांगितलं नाही. महानंदानं दोनदा विचारल्यावर सांगितलं.

"म्हन्तोय, मला काय म्हाईत. हाताला ठाऊक."

एका पोरसवद्या कामगाराला हसू आलं, ते त्यानं गिळलं.

"वैनी, हात मंजे मानूस न्हवं," चनमल्लप्पा हळू म्हणाला.

"मग जीभ मंजे तरी मानूस हाय का, भावजी?"

दिल्या शब्दाप्रमाणं चनमल्लप्पा ईरप्पाला सोलापुरात ठेवून संध्याकाळच्या पॅसेंजरनं एकटा परत गेला. छापखान्याच्या मालकानं मात्र चार दिवस करून बघून रावजीकरवी निरोप धाडला, की दुसरा मजकूर त्याच्या हातून उतरत नाही. एवढ्यावर कामावर कसा ठेवू?

घरी महानंदा त्याला न्हाऊ घालायची, इष्टलिंगाच्या पूजेचं पुढं मांडून द्यायची. पूजा तो बिनचूक करायचा. तिनं ताट वाढलं की हात जोडायचा. रात्री ती खोलीत आली की उठून बसायचा आणि ती बाहेर जाईपर्यंत अंग टाकायचा नाही. ती ओसरीवर झोपू लागली.

ज्येष्ठ लागला तेव्हा तो एक दिवस सकाळपासून काहीतरी सांगू लागला. तेच तेच, गयावया करून. तिनं पाणी दिलं, भाकरी दिली, पंख्यानं वारा घातला, पोट दुखत असेल म्हणून शेक दिला. त्यानं प्रत्येक गोष्ट मुकाट्यानं करून घेतली आणि पुन्हा सांगू लागला. दुसऱ्या दिवशी तो सांगायचा थांबला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. शेजारची मल्लव्वा माहेरी गेली होती, ती त्या संध्याकाळी परतली. तिनं दारातूनच कानडीत विचारपूस केली. मग आत येऊन त्याची मान कलती केली. कानात पू झाला होता.

"कान ठणकतोय म्हन्तोय गं. कालधरनं सांगालोय म्हन्तोय, ह्या बाईला कळंना."

मल्लव्वानं कान धुऊन तेल सोडलं. महानंदा दिवा धरून उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच होटगीला जाणाऱ्या माणसाजवळ निरोप दिला, भावजींना म्हणावं, येऊन घेऊन जा.

निघताना ईरप्पानं तिला वाकून नमस्कार केला. आजारपणात दुसऱ्याच्या घरी राहून निघालेला माणूस करतो तसा.

त्यानंतर ती रोज दुपारी मल्लव्वाकडे जाऊन बसू लागली. मल्लव्वा जोंधळे निवडता निवडता शिकवायची आणि हसायची. "बावीस वर्सं काय केलंस गं? नवरा कानडी आन तुजी जीभ आपली बार्शीची." महानंदा हसायची नाही. पुन्हा पुन्हा म्हणून घ्यायची.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी ती होटगीला उतरून गावात गेली. ईरप्पा अंगणात बाजेवर बसला होता. अंगानं भरला होता. तिनं पदर सावरला.

"ऊट आतेन्री?"

जेवण झालं का, एवढंच. त्यानं मान वर केली. झालं, म्हणाला, तुमचं? तिनं झालं म्हणून सांगितलं, खरं तर झालं नव्हतं. मग त्यानं विचारलं, तुमचं गाव कुठलं? या प्रश्नाचं उत्तर तिनं शिकलेलं होतं. ती म्हणाली, बार्शी.

लांबून आलात, तो म्हणाला. स्वतः उठून घरात गेला आणि तांब्याभर पाणी व गुळाचा खडा घेऊन आला. दारात उभी राहिलेली जाऊ काहीतरी बोलायला निघाली, तिला महानंदानं हातानंच थांबवलं. मग खाली बसून तिनं गूळ तोंडात टाकला आणि वर पाणी प्याली.

त्या संध्याकाळच्या पॅसेंजरनं ती सोलापूरला परतली नाही.