श्वासाला लसणाचा वास

काचेच्या भट्टीचं धुराडं दिवसभर आग ओकायचं. ती फुकट जाणारी धग पकडून वीज करायची, हाच धाकटीचा ध्यास. देवानं बुद्धी दिली होती आणि तिनं ती झिजवलीही होती. टेल्युरियम नावाच्या पदार्थाचं नवं मिश्रण करून त्याच्या चकत्या तिनं धुराड्याला बसवल्या. एक बाजू धुराड्याला टेकून तापायची, दुसरी गार पाण्यानं थंड राहायची. त्या फरकातूनच वीज निघायची. आज मोठे पाहुणे ते बघायला येणार होते. पसंत पडलं तर काम पुढे, नाहीतर तिच्या प्रयोगशाळेला टाळं.

मीटरचा काटा असा काही चढला होता की तिनं मनोमन हात जोडले.

"काय चिमे, खूश ना?" भट्टीचा मुकादम, म्हणजे तिचा थोरला भाऊ, कानाशी वाकून म्हणाला.

ती हसता हसता थबकली. "दादा, लसूण खाल्लास?"

"आता तूही? तुझी वहिनी तर मला जवळ उभं करत नाही. म्हणते, लपूनछपून काय खाता! अगं, लसणाला हात लावला असेल तर शपथ!"

धाकटीनं वळून धुराड्याकडे पाहिलं. टेल्युरियमची वाफ अंगात गेली की श्वासाला हाच वास येतो. पण चकत्यांवर तर काचेचा मुलामा होता. प्रमाणाबाहेर तापल्या, तरच तो तडकणार.

"धग वाढवलीस?"

दादानं मान खाजवली. "आकडा दणक्यात दिसायला नको? धुराड्याची झडप जरा जास्त उघडली, झालं. तुझ्यासाठीच ना!"

"बंद कर ती. हा वास टेल्युरियमच्या विषारी वाफेचा आहे, तुझ्या अंगात गेलीय ती. धूर बाजूच्या जुन्या धुराड्यात सोड."

"वेड लागलंय का? फाटकात गाडी आलीय! तासभर दम धर." तो झडपेच्या दांड्यापुढे आडवा उभा राहिला. "मला काय धाड भरलीय? रेड्यासारखा आहे मी."

बाहेर गाडीची दारं धाडधाड लागली. हा स्वतःच्या जिवासाठी हलणार नाही, हे बहिणीला पक्कं ठाऊक. तिनं काच ओतणाऱ्या पैलवान गड्याला हाक मारली.

"काका, जरा हाऽ करा."

"दात तपासताय? माझं लग्न झालंय, ताई!" म्हणत त्यानं आ वासला.

"दादा, तू घे वास."

दादानं वास घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. "काय खाल्लंस रे?"

"कुठलं काय, मुकादम. सकाळपासून चहावर आहे."

दादा दांड्याला अक्षरशः लटकला. झडप करकरत फिरली. काटा घसरू लागला.

"हातातलं ठेवा! सगळे बाहेर!" तो ओरडला.

दारात पाहुणे उभे. "अहो, आम्ही चालू यंत्र बघायला आलो."

"बंद केलं," धाकटी म्हणाली. "मुलामा तडकलाय, विषारी वाफ माणसांच्या अंगात गेलीय. आत येऊ नका."

"मग तुमच्या पुढच्या कामाचं—"

"ते राहू द्या. आधी तुमची गाडी द्या, ह्यांना दवाखान्यात न्यायचंय."

"एवढे मावणार नाहीत."

"मग दोन फेऱ्या करू," ती म्हणाली आणि पैलवानाला हाताला धरून गाडीकडे घेऊन निघाली.