अकराची खुशाली

आमच्या हॉस्पिटलच्या तळघरात दोन राउटर आहेत. दादाने त्यांची नावं ठेवली होती, थोरला आणि धाकटी. राउटर तो असतो, ती कशी, असं कोणी विचारलं की म्हणायचा, "दुसरा माझ्या बहिणीवर गेलाय. काम सगळं येतं, पण मी असेपर्यंत करायचं नाही." मी त्याच्याच हाताखाली नोकरीला होते, त्यामुळे हा विनोद मला पगाराबरोबर फुकट मिळत असे.

वॉर्डातली यंत्रं, फोन, लॅबचे रिपोर्ट, सगळ्यांची ये-जा या जोडीतून होते. थोरला काम करतो, धाकटी नुसती जागी बसते. दोघांच्या मधे हातभर केबल आहे. तिच्यातून थोरला दर सेकंदाला धाकटीला एकच गोष्ट कळवतो, मी आहे. लागोपाठ तीनदा हे आलं नाही, तर तो गेला असं समजून धाकटी कारभार हातात घेते.

दादाला जाऊन तीन वर्षं झाली. सकाळी दाढी करता करता गेला, एका गालाला फेस तसाच होता. त्याची खुर्ची मला मिळाली, किल्ल्या मिळाल्या, पासवर्डांची वही मिळाली. आणि त्याचा अकराचा निरोप चालूच राहिला.

हा निरोप त्याच्या आधी वर्षभरापासूनचा. मी नवऱ्याचं घर सोडून एकटी राहायला लागले तेव्हा दादाने थोरल्यावर एक छोटासा प्रोग्रॅम लिहून ठेवला. रोज बरोबर अकराला माझ्या फोनवर 'दादा' या नावाने यायचं, 'आहेस का?' मी उत्तर द्यायचं, 'आहे'. पहिल्या दिवशी मी उठून त्याच्या टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "चार हातांवर बसतोस, तोंडाने विचार की!"

"तोंडाने विचारलं की तू भांडतेस," तो म्हणाला.

तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. अकराला फोन वाजला. 'आहेस का?' मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. मग लिहिलं, 'आहे'. तेव्हापासून एक दिवस चुकला नाही.

मी खुळी नाही. प्रोग्रॅम म्हणजे काय हे मला कळतं, माझं पोट त्यावर चालतं. तरी पावणेअकरा झाले की माझे डोळे घड्याळाकडे जात. ती फाइल मात्र मी कधी उघडली नाही. उघडली असती तर आत दोन-चार ओळी दिसल्या असत्या, आणि माझ्या भावाच्या दोन-चार ओळी झालेल्या मला बघायच्या नव्हत्या.

अडचण अशी होती की दोन्ही राउटरची ऑपरेटिंग सिस्टिम जुनी झाली होती. नवी येऊन अडीच वर्षं झाली होती, कंपनीच्या सूचना येत होत्या, आणि नव्या सिस्टिमवर असले जुने प्रोग्रॅम चालणार नव्हते. दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर तसंच काहीतरी मला लिहिता आलं असतं. पण मग ते माझं झालं असतं. मीच मला विचारायचं, आहेस का? त्यापेक्षा मी टाळाटाळ केली. कधी साहेबांना सांगितलं, चाचणी चालू आहे, कधी म्हटलं, सध्या पेशंट फार आहेत. साहेबांना राउटर आणि रेडिओ सारखेच, ते मान हलवायचे.

दहा दिवसांपूर्वी दुपारी थोरला गोठला. आतली सगळी कामं बंद पडली, फक्त ती एक गोष्ट तो सांगत राहिला, मी आहे, मी आहे. धाकटीला वाटलं, दादा आहे की. तिने कशाला हात लावला नाही. मी थोरल्याला ताळ्यावर आणेपर्यंत आयसीयूतला, सगळ्या पेशंटांचे ठोके दाखवणारा मोठा पडदा नऊ मिनिटं काळा होता. तिथल्या सिस्टर खाटांमधून धावत होत्या, म्हणून सात नंबरच्या आजोबांचे ओठ निळे पडलेले त्यांना दिसले. आजोबा वाचले.

सिस्टर नंतर तळघरात आल्या. "तुमचा डबा बिघडला होता का?"

"हो, अचानक," मी म्हणाले.

अचानक! नेमक्या याच बिघाडाची सूचना दोन वर्षं माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होती. आजोबा गेले असते तर मी त्यांना मारलं असतं. हे मी किती वेळा मनात फिरवून पाहिलं, दुसऱ्या शब्दांत ते बसत नाही.

मी रविवारची सकाळ ठरवली, ओपीडी बंद असते म्हणून. शनिवारी अकराला फोन वाजला. 'आहेस का?' मी बराच वेळ फोनवर बोटं धरून बसले. मग लिहिलं, 'उद्यापासून नाही. माफ कर.'

अकरा मिनिटांनी फोन पुन्हा वाजला. 'दादा'. खाली लिहिलं होतं, 'बरं. जा तू.'

चार वर्षांत त्या एका प्रश्नापलीकडे तिकडून अक्षर आलं नव्हतं. माझी पाचावर धारण बसली. थोरल्यात कोण शिरलंय का ते मी पाहिलं. माझ्याशिवाय कोणी नव्हतं. खोलीत पंख्यांचा तोच आवाज, तेच हिरवे दिवे. मी थोरल्याच्या पत्र्यावर हात ठेवला. तो गरम होता, नेहमीच असतो, पण मी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. तेव्हाही फाइल उघडायची हिंमत झाली नाही. रात्री झोप लागली नाही. 'जा तू' म्हणजे कुठे जाऊ, एवढंच डोक्यात.

रविवारी साडेनऊला सुरुवात केली. हात चालत होते ते बरं. आधी त्या फाइलची एक प्रत माझ्या लॅपटॉपवर घेतली, न उघडता. मग धाकटीवर नवी सिस्टिम चढवली आणि तिला बंद करून चालू केलं. सात मिनिटांनी ती उठली. आता सगळा कारभार तिच्यावर टाकायचा होता. वर आयसीयूत सिस्टर फोन धरून उभ्या होत्या.

"टाकते आता. पडदा बघत राहा," मी म्हणाले.

"बघतेय... एकदा हलला. आहे, आहे. सगळ्या खाटांच्या रेघा चालू आहेत."

माझा जीव भांड्यात पडला. मग मी थोरल्याकडे वळले. त्याला बंद करायच्या आधी तो विचारतो, खात्री आहे का? हा प्रश्न तो प्रत्येक वेळी, प्रत्येकाला विचारतो. मी मोठ्याने "नाही" म्हटलं आणि 'हो' दाबलं. त्याचे पंखे थांबले. इतक्या वर्षांत त्या खोलीत एवढी शांतता मी ऐकली नव्हती.

पावणेअकराला तो नव्या सिस्टिमवर उठला. कारभार मी धाकटीकडेच ठेवला. मग फोन समोर ठेवून बसले. अकरा वाजले. अकरा-पाच झाले. काही आलं नाही.

अकरा-बाराला फोन वाजला आणि मी खुर्चीतून उडालेच. आई होती. आई आपणहून फोन करत नाही. दादा गेल्यापासून आमचं बोलणं आठवड्याला दोन मिनिटं, तेही मी केला तर.

"आज थोरल्याचं काही आलं नाही," आई म्हणाली.

क्षणभर वाटलं, हिला राउटरचं कोणी सांगितलं?

"कोणाचं?"

"अगं, तुझ्या दादाचं. रोज अकराला येतं ना, 'आहे' म्हणून."

मी भिंतीला टेकले. "कधीपासून?"

"चार वर्षं झाली. त्यानेच सांगितलं होतं, रोज अकराला खुशाली येईल, फोनजवळ बसत जा. मग तो गेला. तरी येतच राहिलं."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू समजावून सांगितलं असतंस. मला समजून घ्यायचं नव्हतं."

एका हाताने मी लॅपटॉपवरची ती फाइल उघडली. तीनच ओळी होत्या. बहिणीला विचार. ती सांगेल ते आईला पाठव. आई काही म्हणाली तर बहिणीला पाठव. वर दादाने स्वतःसाठी टिपून ठेवलं होतं: 'दोघी थेट बोलल्या की भांडतात. म्हणून मधे मी.'

तीन वर्षं माझं 'आहे' आईकडे त्याच्या नावाने जात होतं. मी आहे, तो आहे, शब्द तोच. कोण आहे हे आईने विचारलं नाही.

"काल मात्र वेगळं आलं," आई सांगत होती. "'उद्यापासून नाही, माफ कर.' कसली माफी मागतो गं हा? गेला त्यात त्याची काय चूक? मला मेलीला फोनवर लिहिता येत नाही, तरी चष्मा लावून एकेक अक्षर शोधत बसले. लिहिलं, 'बरं. जा तू.' आणखी पुष्कळ लिहायचं होतं. पोचलं असेल का त्याला?"

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, प्रोग्रॅम, राउटर, मी. मी ते गिळलं.

"पोचलं, आई."

"वाचलं त्याने?"

"वाचलं."

मग दोघींनाही बोलता येईना. मी तोंडावर हात दाबून धरला होता. तिकडून आईच्या श्वासाचा आवाज येत होता, मग तोही येईनासा झाला.

"अगं," आई घाबरून म्हणाली, "आहेस का?"

"आहे," मी म्हणाले. "मी आहे."