मी, सेवेरोची हिरवी गाडी

मी एक जुनी, गडद हिरव्या रंगाची जर्मन गाडी आहे. माझे वय पंचविशीच्या पुढे गेले आहे. डाव्या दाराला पोचा आहे, मागची एक काच अधूनमधून रुसते आणि छताच्या आतले कापड माझ्या मालकिणीने, नेलिदाने, स्वतःच्या हाताने शिवून बसवलेले आहे. तरी मित्रांनो, मी रोज सकाळी चालू होते. तुम्हाला माझी हकिगत सांगायची आहे.

माझा जन्म जर्मनीतल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तेव्हा माझ्यासारखी गाडी दारात असणे ही मोठी गोष्ट होती. माझ्या सीट चामड्याच्या होत्या, दारे बंद होताना कपाटासारखा दबका आवाज यायचा. जहाजाने मला जपानला नेले. तिथे दंतवैद्य कुवाहाता यांनी मला अकरा वर्षे सांभाळले. ते मला रविवारी बाहेर काढत आणि आल्यावर मऊ फडक्याने पुसत. मी वयस्क झाले तशी तिथली सरकारी तपासणी महाग पडू लागली, म्हणून त्यांनी मला विकले. पुन्हा जहाज, मग चिलीचे बंदर, मग ट्रकच्या पाठीवर बसून अँडीज पर्वत ओलांडला आणि मी पाराग्वेत, असुन्सियोनला आले. इथे माझ्यासारख्या परदेशातून आलेल्या जुन्या गाड्या पुष्कळ आहेत.

इथला माझा मालक मांसाचा व्यापारी होता. पहिली दोन वर्षे तो मला लग्नाला, चर्चला, मित्रांकडे मिरवत नेई. नंतर त्याने नवी गाडी घेतली आणि मला नोकरांच्या हाती दिले. तेल वेळेवर बदलेनासे झाले. इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाऐवजी नळाचे पाणी ओतले जाऊ लागले. नऊ वर्षांनी त्याने मला उबाल्दो नावाच्या दलालाच्या आवारात आणून सोडले. उबाल्दोने मला धुतले, सुवासिक फवारा मारला आणि किलोमीटरचा आकडा मागे फिरवला. मी अडीच लाख किलोमीटर चालले होते. त्याने एक लाख अठरा हजार केले. माझे अर्धे आयुष्य त्याने एका दुपारी पुसून टाकले आणि मला काही बोलता आले नाही.

तिथे एके दिवशी नेलिदा आणि तिचे वडील सेवेरो आले. नेलिदा पिरिबेबुई गावात शाळेचे गणवेश शिवते. सेवेरोने पस्तीस वर्षे ट्रक चालवला. आता त्याच्या दोन्ही मूत्रपिंडांनी काम सोडले होते, डोळ्यांवर पडदा आला होता आणि आठवड्यातून तीनदा त्याला रक्त शुद्ध करून घ्यायला असुन्सियोनला जावे लागे. बसच्या धक्क्यांनी त्याची कंबर मोडून जाई. आठ वर्षांच्या शिलाईतून आणि दोन गायी विकून नेलिदाने ग्वारानी या इथल्या चलनात एकतीस दशलक्ष जमवले होते. तेवढ्यात इथे नवी गाडी येत नाही.

ती एक लहानशी, माझ्यापेक्षा बरीच तरुण गाडी बघत होती. सेवेरो दमला होता, म्हणून माझे दार उघडे दिसले तसा आत टेकला. त्याने सीट मागे केली. मग डोळे मिटून पडून राहिला.

"बाबा, बरं वाटत नाहीये का?" नेलिदाने धावत येऊन विचारले.

"उलट," तो म्हणाला. "सहा महिन्यांत पहिल्यांदा कंबर दुखत नाहीये. मला हलवू नकोस जरा."

उबाल्दो लगेच जवळ आला. "काका, नजर आहे तुमची! राजेशाही गाडी. अठ्ठावीस दशलक्ष फक्त. चालवून बघा ना."

सेवेरो खाली उतरला, चाचपडत पुढे आला आणि त्याने माझ्या बॉनेटवर तळवा ठेवला.

"गरम आहे."

"आत्ताच फिरवून आणली, काका."

"आम्ही येणार म्हणून?" सेवेरो हसला. "उद्या सकाळी येतो. तोवर हिला हात लावायचा नाही, शेठ. गाडीचं खरं दुखणं ती थंड असताना कळतं."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते दोघे हजर झाले. उबाल्दो जांभया देत होता. माझे इंजिन चालू झाले तेव्हा आतून टकटक ऐकू आली. सेवेरो मान तिरकी करून ऐकत राहिला. मग त्याने नेलिदाकडून पाण्याच्या टाकीचे झाकण उघडून घेतले, बोट बुडवले आणि चोळून पाहिले. त्यावर गंज होता. शेवटी तो वाकला आणि ब्रेकच्या पेडलवरचे रबर बोटांनी चाचपू लागला.

"एक लाख अठरा हजारात हे रबर एवढं गुळगुळीत होत नाही, शेठ. माझे डोळे गेलेत, बोटं नाही."

"काका, मी तर जशी आली तशी..."

"मी तुम्हाला चोर म्हटलं का? मी म्हणतो, सतरा."

"सतरा! काका, सतराला चाकं येतात हो!"

"मग चाकं ठेवून घ्या, बाकीची द्या."

दोन तास घासाघीस चालली. नेलिदा दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आली. सतरावर सौदा झाला. बाहेर पडताच ती म्हणाली, "बाबा, चौदा वाचले! घराचं छपर करू या."

"काही वाचलं नाही," सेवेरो म्हणाला. "अशी गाडी विकत घेताना स्वस्त असते, पोसताना नाही. सतरा गाडीला आणि चौदा तिच्या दुखण्याला. ते डब्यात ठेव आणि डब्याला हात लावू नकोस."

गावात मी शिरले तेव्हा शेजारची बाई कुंपणावरून ओरडली, "नेली, हत्ती आणलास गं बाई! चारा कुठून घालणार?"

"तुझ्या परसातून!" नेलिदाने उत्तर दिले.

त्या डब्यातून माझे तेल, पट्टे, ब्रेक आणि रबरी पाइप बदलले गेले. मेकॅनिकने पाण्याची टाकी तीनदा धुतली. माझी टकटक थांबली. कुवाहातांनंतर प्रथमच कोणी माझ्याकडे असे लक्ष दिले. मंगळवार, गुरुवार, शनिवार मी सेवेरोला घेऊन जाई. जाताना तो नेलिदाला गियर आणि उतार यांवर व्याख्यान देई. "वळणाआधी ब्रेक, वळणात नाही. कितीदा सांगू?" येताना गळून जाऊन माझ्या सीटवर झोपून जाई.

दीड वर्ष असे चांगले गेले. मग एका डिसेंबरात मेकॅनिकने माझ्याखाली पडलेला थेंब दाखवला. "पाण्याचा पंप गळायला लागलाय. आज थेंब आहे. बदलून टाका."

नेलिदा डबा उघडायला गेली. पण त्याच आठवड्यात तिचे शिलाई यंत्र बंद पडले आणि फेब्रुवारीत शाळा सुरू होणार म्हणून दीडशे गणवेशांचे काम हातात होते. तिने डब्यातले पैसे यंत्राला दिले. एका महिन्याचा तर प्रश्न आहे, असे तिने स्वतःला समजावले. वडिलांना सांगितले नाही. मी तिला दोष देत नाही. पण थेंब काही महिनाभर थांबायला तयार नव्हता.

जानेवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, एका शनिवारी मोठा पाऊस झाला आणि रस्ता पाण्याखाली गेला. सेवेरोची फेरी चुकली. मंगळवार उजाडेपर्यंत त्याचे पाय सुजले होते आणि त्याला धाप लागत होती. डॉक्टरांनी फोनवर बजावले, "काहीही करा, पण अकरा वाजता ते रक्तशुद्धीच्या खुर्चीत असले पाहिजेत."

त्या दिवशी उन्हाचा कहर होता. वाटेवरच्या इपाकाराई गावाच्या पुढे रस्त्याचे काम चालू होते आणि गाड्यांची रांग मुंगीच्या गतीने सरकत होती. माझा पंप दमला. पाणी गळू लागले आणि तापमानाचा काटा वर चढला.

सेवेरोने नाक वर केले. "गोडसर वास येतोय. काटा कुठे आहे?"

नेलिदाने काट्यावरची नजर काढून रस्त्याकडे वळवली.

"नेली! काटा कुठे आहे?"

"लाल रेषेजवळ."

"हीटर लाव. पूर्ण."

"बाबा, बाहेर चाळीस आहे! तुम्हाला आधीच..."

"इंजिनाची उष्णता आत खेचून घेतो हीटर. लाव म्हणतो ना! काचा खाली कर."

माझ्या झरोक्यांतून भट्टीसारखा वारा सुटला. दोघे घामाने निथळू लागले. काटा हळूहळू खाली आला. शेजारच्या ट्रकवाल्याने डोकावून विचारले, "काय आजोबा, थंडी वाजतेय का?"

"तुझा ट्रक तापला की ये शिकायला!" सेवेरो धापा टाकत म्हणाला.

तीन किलोमीटर असे गेले. मग झरोक्यांतून येणारी हवा अचानक गार झाली.

"पाणी संपलं," सेवेरो म्हणाला. "आता एक फर्लांगही नाही. सावलीत घे, बंद कर."

एका आंब्याखाली तिने मला उभे केले आणि स्टिअरिंगवर डोके टेकले. "बाबा, मी डब्यातले पैसे यंत्राला घातले. पंप बदललाच नाही."

सेवेरो थोडा वेळ श्वास जमवत राहिला. "तुझ्या शाळेच्या पहिल्या वर्षी," तो म्हणाला, "मी ट्रकच्या ब्रेकचे पैसे तुझ्या पुस्तकांना घातले. सहा महिने डोंगर उतरताना देवाचं नाव घेत होतो. तुझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. आता रडू नकोस. पाणी काढ."

"पाणी कुठलं? इथे दुकानसुद्धा नाही."

"तुझ्या सीटखाली थर्मास आहे, त्यातलं."

नेलिदाने चमकून पाहिले. या मुलखात उन्हाळ्यात बर्फाच्या पाण्यात कडवट पाला भिजवून केलेले तेरेरे हे पेय प्याल्याशिवाय कोणाचा दिवस जात नाही. पण सेवेरोला दिवसाला मोजून दोन पेले पाणी चाले. त्याला मोह होऊ नये म्हणून ती त्याच्यासमोर कधी पीत नसे. तो दवाखान्यात यंत्राला जोडलेला असताना ती बाहेर माझ्यात बसून, लपून पीत असे.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दीड वर्ष बर्फाचा खळखळाट ऐकतोय. तू प्यावंस असंच मला वाटायचं. सांगितलं असतं तर तू सोडलं असतंस."

ती झाकण उघडायला धावली, तसा तो ओरडला, "थांब! तोंड भाजेल. वरचा रबरी पाइप हातात धरवेल तेव्हाच."

पंचवीस मिनिटे ते दोघे थांबले. त्या पंचवीस मिनिटांत सेवेरोचे ओठ निळसर होत गेले. नेलिदा दर मिनिटाला पाइपला हात लावून बघे आणि बोटे झटकी. शेवटी पाइप हातात धरवला. तिने फडके गुंडाळून झाकण फिरवले आणि थर्मास माझ्यात रिकामा केला. ते गार पाणी सेवेरोला प्यायला मनाई होती. मला नव्हती. मित्रांनो, इतके थंड आणि गोड काही मी त्याआधी आणि त्यानंतर चाखलेले नाही.

मी चालू झाले. पुढे रांग सुटली होती. सारी ताकद एकवटून मी त्यांना दवाखान्याच्या दारात पोहोचवले, तेव्हा अकरा वाजून चाळीस मिनिटे झाली होती. उशीर झाला की खुर्ची पुढच्या रुग्णाला मिळते. पण पुढचा नंबर देओलिंदाबाईंचा होता. वाटेवरच्या काकुपे गावाहून बसने येणाऱ्या, सेवेरोच्या ओळखीच्या या म्हातारीने त्याच्या खुर्चीत बसायला नकार दिला होता. नर्सने दोनदा सांगूनही ती हटली नव्हती.

"तो येतो," ती म्हणाली होती. "गाडी जुनी आहे त्याची, पण शब्द पक्का आहे."

सेवेरो वाचला. पुढच्याच आठवड्यात माझा पंप बदलला, त्यासाठी नेलिदाने गणवेशांचे कापड उधारीवर घेतले आणि रोख पैसे पंपाला दिले. आणि त्या दिवसापासून ती वडिलांसमोर उघडपणे तेरेरे पिऊ लागली. तो फक्त पेला हातात धरून त्याचा गारवा गालाला लावी.

आणखी दोन वर्षे तो माझ्यात बसला. मग एका एप्रिलच्या पहाटे तो झोपेतच गेला. पुढच्या मंगळवारी नेलिदा नेहमीच्या वेळी बाहेर आली, माझ्यात बसली आणि तिने किल्ली फिरवली. मग तिच्या लक्षात आले की जायचे कुठेच नाही. तिने बाजूच्या रिकाम्या सीटवर हात ठेवला. मी नुसती घरघरत होते. मग तिने गियर टाकला. काकुपेच्या बसथांब्यावर देओलिंदाबाई पिशवी कवटाळून उभ्या होत्या. नेलिदाने दार उघडले.

"बसा मावशी. सीट मागे जाते, कंबर दुखणार नाही."

"अगं पण तुला आता शहरात काय काम?"

"हिला सवय आहे," नेलिदा म्हणाली. "घरी बसली की बिघडते."

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू तुमच्या घरी आली तर तिच्या चकाकीवर जाऊ नका आणि वयावरही जाऊ नका. आम्ही एकदम मोडत नाही. आधी एक बारीक आवाज करतो, जमिनीवर एक थेंब टाकतो. तो आमचा निरोप असतो. तेवढा वेळेवर वाचा. बाकीचे वजन वाहायला आम्ही आहोत.