सुजित कोण?

“सुजित कोन?” काळूरामने दारातूनच विचारलं. डोक्यावरची ड्यूटीची टोपीही अजून उतरली नव्हती.

नलूने ओट्यावरचा मोबाइल पालथा घातला आणि तांदूळ निवडायला घेतले. “कंचा सुजित?”

“आताच बोललीस. मी पायरीवर उभा व्हतो. दोनदा नाव घेतलंस.”

“शिकवनी चाललेली. स्पॅनिशची. वाक्य पाठ करत व्हती.”

आता संशय हा काळूराम घरताचा जन्मजात गुण की नोकरीने लावलेली खोड, यावर गावात दोन मतं होती. उरणजवळच्या एका कंटेनर यार्डाच्या गेटवर तो एकोणीस वर्षं सील तपासत होता. आलेल्या प्रत्येक ट्रेलरचं सील हाताने ओढून बघायचं, नंबर कागदाशी ताडायचा, मग ड्रायव्हरच्या तोंडाकडे निरखून पाहायचं. घरी आला तरी नजर तीच. सत्यनारायणाला आलेल्या भटजींनाही त्याने एकदा भर पूजेत अडवलं होतं, अध्याय गाळला म्हणून. फक्त एका माणसाचं सील त्याने तीस वर्षांच्या संसारात कधी ओढून पाहिलं नव्हतं. ते नलूचं. आणि आता तिथेच काहीतरी सैल लागत होतं.

हे स्पॅनिशचं खूळ लेकीने घरात आणलं. जागृती बंदरावरच्या एका ऑफिसात कामाला. मेक्सिकोचे कागद तिच्या टेबलावर येतात, म्हणून तिने मोबाइलवर शिकवणी लावली. तिकडे सकाळ असते तेव्हा इकडे संध्याकाळचे साडेसहा. जागृतीला ऑफिसातून यायला उशीर व्हायला लागला, तशी नलू तिच्या जागी हजेरीला बसू लागली. लुसीया नावाची तिकडची शिकवणारी बाई पडद्यातून विचारायची आणि नलू मासळी साफ करता करता उत्तर द्यायची. पाणी म्हणजे आग्वा, फूल म्हणजे फ्लोर. सातवी नापास बाईची जीभ लेकीपेक्षा आधी वळली. काळूराम गेटवर हे कौतुकाने सांगायचा, सुजित मध्ये येईपर्यंत.

गावात सुजित एकच होता, गॅसचा सिलिंडर आणणारा. पोरगा चोवीस वर्षांचा, नलू बावन्नची. तरी काळूरामने त्याला उन्हात उभं करून सिलिंडरचं सील तीनदा तपासलं आणि शेवटी विचारलं, “स्पॅनिश येती का तुना?”

“काका, हिंदी पन धड येत न्हाय,” पोरगा म्हणाला.

मग त्याने लेकीला गाठलं. “मुएर्तो म्हंजे काय गो? तुजी आई सारखी बोलती.”

“मेलेला,” जागृती म्हणाली. “त्यांच्याकडं मेलेल्यांचा सन असतो, बाबा. बाईनी त्याच्यावरच अभ्यास दिलाय. आपल्या घरातल्या मेलेल्या मानसाबद्दल बोलाचा.”

“आपल्यात सुजित कोन मेला?”

“मना न्हाय म्हाईत. आई सांगत न्हाय.”

काळूरामने एकेक गोष्ट ताडून पाहिली. मेलेलं माणूस, परकं नाव, बायकोची लपवाछपवी. लग्नाआधीचा कोणी असेल का? की करणीबिरणी? दिवाळी होऊन आठवडा झाला होता आणि नलूने झेंडूची दोन किलो फुलं घेतली. तुळशीच्या लग्नाला, म्हणाली. सोबत मेणबत्ती कशाला घेतलीस, असं विचारलं तर ती फुलं टोपलीत भरू लागली. त्याला स्वतःचीच लाज वाटत होती, पण संशय काही जाईना.

एक नोव्हेंबरला त्याने दुपारपाळी बदलून घेतली आणि साडेसहाला मागच्या दाराने घरात शिरला.

आतल्या खोलीत पाट मांडला होता. भोवती झेंडू, पुढे पेटती मेणबत्ती, फुलपात्रात पाणी, वाटीत मीठ. एका बाजूला दुधाने भरलेलं बाळाचं बोंडलं. जिथे फोटो ठेवायचा तिथे एक टोपडं होतं, पिवळं पडलेलं, नाडीला एक मणी ओवलेलं. नलू मोबाइलसमोर ताठ बसून म्हणत होती, “मी इहो से यामाबा सुजित. बिबियो ओन्से दियास.”

काळूरामला शब्द कळले नाहीत. टोपडं कळलं. ते बारशासाठी शिवलं होतं, अठ्ठावीस वर्षांपूर्वी. बारसं झालंच नव्हतं.

“माजा पोरगा, त्याचं नाव सुजित,” नलू मागे न बघता म्हणाली. “अकरा दिवस जगला. इतकंच बोलली मी. आता घ्या काय संशय घ्याचा त्यो.”

“तू नाव ठेवलेलंस?”

“मनात ठेवलेलं. बाराव्या दिशी सांगनार व्हती. अकराव्याला गेला, मग कोनाला सांगू? दर पितरपाखात भटाला इचारलं, माज्या पोराला पान वाढू का. बोलला, दात न्हाय आलेले, त्याला पान नसतं. ही बाई बोलली, आमच्या सनात पैला दिवस पोरांचाच.”

“मना सांगाचं आपल्या भाषेत.”

“आपल्या भाषेत तोंड उघडलं की रडू येतं. त्या भाषेत अजून रडाला शिकली न्हाय.” आता ती वळली. “मी पन एक इचारू? अठ्ठावीस वर्सं इचारलं न्हाय. तुमी त्याला कुठं ठेवलाव? खाडीच्या बांदाला, इतकंच बोललेलाव. मी सगले बांद फिरून आली.”

काळूराम तिच्याशेजारी बसला. टोपी काढून मांडीवर घेतली.

“आपल्याच मिठागराच्या बांदाला. तिवरांच्या अंगाला. मंग भराव पडला. आता थितं यार्डाचा सी ब्लॉक हाय, तिसरी रांग.” त्याने टोपीची कड दुमडली. “म्हनून तर ती नोकरी मागून घेतली. रोज एक फेरी मारतो.”

“आनि मना बोललाव न्हाय?”

“तुना कसं सांगनार, त्याच्यावर कंटेनरचे डबे रचलेत?”

तीस वर्षं ज्या बाईवर संशय घेतला नाही म्हणून तो मिरवत होता, तिच्यापासून आपणच एवढं लपवलं, हे त्याला तेव्हा समजलं आणि मान वर करवेना. पडद्यातल्या लुसीयाबाईंनी हळूच काहीतरी विचारलं. नलूने त्यांना हात जोडले आणि फोन बंद केला.

“हितून कंच्या अंगाला येतं ते?” तिने विचारलं.

काळूरामने न्हाणीकडच्या भिंतीकडे बोट केलं. दोघांनी मिळून पाट उचलला. ज्योत विझू नये म्हणून तो हाताचा आडोसा धरून चालला. पाट त्या भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि दोघं मागे बसली. पलीकडे यार्डातली क्रेन चालू होती. तिचा भोंगा वाजला की नलू दर वेळी टोपड्यावर हात ठेवत होती.