ओर्फिलाच्या तीन फिल्म

स्तनाचा एक्स-रे म्हणजे धुक्याचा फोटो, अशी १९५१ साली माँटेव्हिडिओ शहरातले डॉक्टर टिंगल करायचे. आरिसमेंडी डॉक्टरांना ती फार झोंबायची. स्तन दाबून सपाट केला, तर गाठ हाताला लागण्याआधी चित्रात दिसेल, असं त्यांचं म्हणणं. पण दाब किती द्यायचा, हे ठरवायला कोणीतरी वारंवार यंत्राखाली उभं राहायला हवं होतं. पेशंट बायका एकदा किंचाळल्या की परत यायच्या नाहीत. म्हणून ओर्फिला बिदेगाइन उभी राहायची. बारा वर्षं ती त्यांच्याकडे फिल्म काढायची, धुवायची.

“अजून आवळू?”

“आवळा डॉक्टर. काजवे चमकले की सांगते.”

मार्चमध्ये तिच्या डाव्या बाजूच्या फिल्मवर पांढरे कण दिसले, चिमूटभर मीठ सांडावं तसे. डॉक्टरांनी फिल्म बराच वेळ उजेडापुढे धरली.

“धूळ आहे. फिल्म धुवायची टाकी घासतेस की नुसती विसळतेस गं?”

ती ओशाळली. टाकी घासली, पाणी गाळून घेतलं. जुलैत कण पुन्हा तिथेच, जास्त दाट. धूळ एकाच जागी कशी बसते, असं तिच्या मनात आलं. पण डॉक्टरांची नजर चुकलेली तिनं कधी पाहिली नव्हती. नोव्हेंबरात तिसऱ्या फिल्मवरून त्यांनी तिला रडेपर्यंत झापलं. तिन्ही फिल्म मात्र कुलपात ठेवल्या.

डिसेंबरात शहरातल्या डॉक्टरांच्या सभेत आरिसमेंडींचं व्याख्यान होतं. पडद्यावर चित्रं सरकवायला ओर्फिलाच होती.

“ओ. बी., वय एक्केचाळीस. हाताला गाठ नाही. हे कण म्हणजे कॅन्सरची खूण. आठ महिन्यांत ते कसे वाढले, पाहा.”

टाळ्या कडाडल्या. तिनं त्यांना बाहेर गाठलं.

“मार्चमध्येच माहीत होतं तुम्हाला?”

“शंका होती. लगेच कापलं असतं, तर कण वाढतात हे सिद्ध कसं झालं असतं? हजारो बायका वाचतील, ओर्फिला.”

“आणि मी?”

“तुझं ऑपरेशन सोमवारी ठेवलंय.”

ती सभेच्या चिटणिसांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग डॉक्टरांच्या लेखात तुमचे आभार मानायला सांगू का?”

सोमवारी स्तन काढला. रोग काखेत पोचला होता.

डावा हात उचलत नसतानाही ती कामावर परतली. आता फिल्मवर कण दिसले की डॉक्टरांना विचारायच्या आधीच ती बाईला बाजूला घ्यायची. “आजच सर्जनकडे जा. इथे कोणी थांब म्हटलं तरी थांबू नकोस.” सहा बायका अशा वेळेत सर्जनकडे पोचल्या. मग डॉक्टरांना कळलं.

“माझे पेशंट पळवतेस?” म्हणत त्यांनी तिला काढून टाकलं.

ऑगस्टात ती वारली. डॉक्टर फुलं घेऊन घरी आले. ओर्फिलाच्या बहिणीला कोपऱ्यात नेऊन हळूच म्हणाले, “शवविच्छेदनाला परवानगी दिलीत, तर अभ्यास पूर्ण होईल.”

बहिणीनं फुलं त्यांच्या हातात परत कोंबली आणि दार उघडून उभी राहिली.